कसारा घाटात गाडी तापली, आता गॅरेजवाला हेड खोलायचं म्हणतोय

मुग्धा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

गेल्या रविवारी ठाण्याहून नाशिकला परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे मुलगा आणि डिकीत हापूसच्या दोन पेट्या. गाडी पेट्रोल, ऑटोमॅटिक, नऊ वर्षं जुनी, ७१ हजार किलोमीटर झालेली. कसारा घाटात पुढे कंटेनरची रांग, त्यांच्या मागे रांगत चाललेलो, एसी फुल. अचानक एसीची हवा कोमट यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "खिडकी उघड गं, बाहेर याच्यापेक्षा गार आहे." तेव्हा कुठे माझं काट्याकडे लक्ष गेलं. लाल पट्टीला टेकलेला.

"वर इगतपुरीला गेल्यावर बघू" म्हणून मी आणखी दोन वळणं रेटली. चूक माझी, कबूल. बॉनेटमधून वाफ आली आणि गंमत म्हणजे काटा आपोआप खाली उतरला. मला वाटलं, सुटलो! शंभर मीटरवर गाडी बंद.

मागून येणाऱ्या एका ट्रकच्या क्लिनरने उतरून चाकांना दगड लावून दिले, मागे फांदी टाकली. मग एक जीपवाला दोरी बांधून वरच्या सपाटीपर्यंत घेऊन गेला, साधारण तीन किलोमीटर. तिथून पाठीवर घेणारी गाडी मागवली, नाशिकपर्यंत ६,८०० रुपये.

आता गॅरेजवाला म्हणतो की कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) पार संपलं होतं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलं असणार, खोलावंच लागेल, ३५ ते ४० हजार धरून चाला. मला कळत नाही ते हे: निघायच्या दिवशी सकाळी मी स्वतः बॉनेट उघडून कूलंटची बाटली पाहिली होती. वरच्या रेघेपर्यंत भरलेली. आणि आत्ताही, गाडी गॅरेजमध्ये उभी असताना, ती बाटली भरलेलीच आहे! मग संपलं काय?

हेड खोलायला हो म्हणू का? नवरा दौऱ्यावर आहे, दीर म्हणतात विकून टाक.

सिडकोचा_भो

ताई, हेड उघडायला देऊ नका, एकदा उघडलं की गॅरेजवाल्याला दिवाळी. इन्शुरन्सला क्लेम टाका. आणि पुढच्या वेळी रेडिएटरवर बाटलीभर गार पाणी मारायचं, पाच मिनिटांत गाडी चालू होते. आमच्या पिकअपला दर उन्हाळ्यात हेच करतो.

नाना_वर्कशॉप

भाऊ, तुमची पिकअप अजून चालते आहे यात पिकअपचं कौतुक आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, क्लेम टाकून ताईंचा वेळ जाईल. रस्त्यावरच्या मदतीचं कलम वेगळं घेतलं असेल तर टोइंगचे पैसे तेवढे विचारून बघा.

मुग्धाताई, मी ३१ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत काढली. आमच्या जुन्या लाल डब्यांत इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी असायचं. इंजिन तापायच्या आधी ड्रायव्हर तापायचा, त्यामुळे काट्याकडे बघायची गरज पडत नसे. तुम्हा लोकांची केबिन गार असते, म्हणून उशिरा कळतं. तरी तुमच्या गाडीने सांगितलं होतं. बऱ्याच गाड्यांत इंजिन फार तापलं की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. चढावर हवा कोमट झाली की एसीला दोष द्यायच्या आधी काटा बघायचा.

आता तुमचं कोडं. ती बाटली म्हणजे रेडिएटर नव्हे. ती शेजारची घागर आहे. कूलंट तापलं की फुगतं, रेडिएटरच्या झाकणातून बाटलीत जातं. गाडी गार झाली की रेडिएटर तेच परत ओढून घेतो. हे परत ओढणं झाकणाच्या मधल्या छोट्या झडपेतून होतं, तिला नाण्याएवढी चकती असते. ती चकती अडकली, झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली की जातं सगळं, पण परत येत नाही. रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. दर फेरीला आत थोडं कमी, आणि बाटली मात्र भरलेली. तुम्ही भरलेली बाटली बघून निर्धास्त.

एक आठवून सांगा. ती बाटली गार असताना आणि गाडी चालवून आल्यावर, पातळीत फरक दिसायचा का? दिसायलाच हवा. महिनोन् महिने एकाच रेघेवर असेल तर झाकण मेलेलं आहे. (काही गाड्यांत दाबाचं झाकण बाटलीवरच असतं, त्यांचा हिशोब वेगळा.)

झाकणाचं दुसरं काम दाब धरायचं. त्याच्यावर बहुतेक १.१ असा आकडा असेल. एवढ्या दाबाखाली पाणी शंभरला न उकळता साधारण १२० अंशांवर उकळतं. झाकण गळकं असलं की घाटात शंभरच्या आसपासच खदखदायला लागतं. आणि घाट पण साधा नाही. रेल्वेसुद्धा तिथे ३७ फुटांना एक फूट चढते, बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिनं लावावी लागतात. तुम्ही तर रांगत, समोरून वारा नाही, एसी चालू.

काटा खाली का आला? सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. कूलंट गेलं, तो हवेत लोंबकळला की काहीही दाखवतो. वाफ दिसल्यावर काटा उतरला तर ती सगळ्यात वाईट खूण. तिथल्या तिथे इंजिन बंद. नुसता काटा चढत असेल, वाफ नसेल, तेव्हा मात्र एसी बंद करून हीटर फुल करायचा, बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थांबायचं. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, घाम निघेल पण इंजिनाची आग थोडी बाहेर पडते. झाकणाला मात्र पाऊण तास हात लावायचा नाही. माझ्या डाव्या मनगटावर १९८९ सालचा डाग आहे, सिन्नरच्या एका फेरीचा.

हेड खोलायच्या आधी तीन गोष्टी करायला लावा, समोर उभं राहून. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ चहासारखा थर आहे का. रेडिएटर भरून, झाकण न लावता, गार इंजिन स्टार्ट करा: एकसारखे बुडबुडे येत राहिले तर गास्केट (हेडखालची सीलची पट्टी) गेलंय. सुरुवातीला थोडे येतील, ती अडकलेली हवा, घाबरू नका. आणि रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून निळ्या पाण्याची टेस्ट असते. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर निळं पाणी पिवळं पडतं. ती करायला नको म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. तिन्हींत काही निघालं नाही तर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायला सांगा, हेड खोलायचं मग बघू. निघालं, तर बिचारा गॅरेजवाला खरं बोलत होता.

गंगापूररोड_प्र

नानांच्या पुढे काय बोलणार. पण टोइंगचं कुणी विचारलं नाही. ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त गिअर आपोआप पडतात) की सीव्हीटी (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा)? एएमटी असेल तर न्यूट्रलमध्ये ओढलेलं साधारण चालून जातं. सीव्हीटी असेल तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून तीन किलोमीटर ओढणं बरं नाही. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा ऑइल पंप बंद, आत कोरडं फिरत राहतं. गाडीच्या पुस्तकात टोइंगचं एक पान असतं, तेवढं वाचा.

दोरी कुठे बांधली होती? बंपरच्या कोपऱ्यात छोटं चौकोनी झाकण असतं, त्यामागे हुक फिरवून बसवायचा. हुक डिकीत, स्टेपनीजवळच्या हत्यारांत. काही गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचा.

नाना_वर्कशॉप

बरोबर आठवण केली. दोरीने ओढताना मागच्या गाडीचं इंजिन बंद, म्हणजे ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा आणि स्टिअरिंग जड. किल्ली ऑनला हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. दोन गाड्यांत पाच मीटरच्या वर अंतर नको, वेग ताशी पंचविसाच्या आत, हॅझार्ड चालू. घाटात तर मी म्हणेन दोरी नकोच. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर, तिथून क्रेन मिळते, रस्ता मोकळा करण्यापुरती.

आणि सासूबाई कुठे बसल्या होत्या?

मुग्धा_इंदिरानगर

गाडीतच. दार उघडं ठेवून, उजव्या बाजूचं, वारा यावा म्हणून.

नाना_वर्कशॉप

अहो ताई! वळणावर बंद गाडीत माणूस बसवायचं नाही. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं, कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब. गाडीच्या पुढेमागे उभं राहायचं नाही. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवून उपयोग नाही, वळणाच्या अलीकडे ठेवायचा, ट्रकवाल्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे. फांदी चालेल, रात्री दिसत नाही एवढंच.

आणि ते दगड? गाडी निघाल्यावर उचलले का? लोक दगड तसेच सोडून जातात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर येतो. ३१ वर्षांत या एका गोष्टीवरून मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या साहेबांनाही दिल्या नाहीत.

मुग्धा_इंदिरानगर

नाना, दगडांचं वाचून वाईट वाटलं. नाही उचलले. लक्षातच आलं नाही.

दोन तास गॅरेजमध्ये उभी होते. ऑइलचं झाकण आतून स्वच्छ. बुडबुडे सुरुवातीला पाच-सहा आले, मग बंद. निळ्या पाण्याची टेस्ट आमच्याकडे नाही म्हणाला, मी म्हटलं मग गाडी अंबडला दुसरीकडे नेते, तर तासाभरात कुठूनतरी किट आलं. दहा मिनिटं पाणी निळंच. कंप्रेशन चारही सिलिंडरला सारखं.

रेडिएटरचं झाकण हातात घेतलं तर खालचं रबर बोटाला लागताच तुकडा पडला, आणि मधली चकती नखाने ओढली तरी हलेना. नवीन झाकण, थर्मोस्टॅट, डिस्टिल्ड पाण्यातलं कूलंट, मजुरी मिळून ४,३५० झाले. पातळीचं आठवून पाहिलं: दोन वर्षांत ती बाटली मी कधीच भरली नव्हती, आणि त्याचा मला अभिमान होता.

प्र, गिअरबॉक्स सीव्हीटीच निघाला. ऑइल काढून पाहिलं, करपल्याचा वास नाही, नवीन भरलं, त्याचे वेगळे पैसे गेले. आवाज आला तर परत या म्हणाला.

शनिवारी सिन्नरपर्यंत जाऊन आले. बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. परत आल्यावर पातळी बोटभर वर, आणि रविवारी सकाळी पुन्हा रेघेवर.

हुकाचं झाकण सापडलं, बंपरला उजवीकडे. आटे उलटेच आहेत.