झोपतपासणीचा स्वयंचलित अहवाल: टप्प्यांच्या आकड्यांवर किती विसंबावे?

प्रश्न, इंदूर:
घोरणे फार वाढल्यामुळे गेल्या आठवड्यात माझ्या वडिलांची (वय 72) येथील एका केंद्रात रात्रभराची झोपतपासणी झाली. अहवालात एकूण झोप 6 तास, गाढ झोप म्हणजे एन-3 शून्य टक्के आणि श्वास अडण्याचा निर्देशांक म्हणजे एएचआय 12.5 असे लिहिले आहे. खाली बारीक अक्षरांत ‘स्वयंचलित विश्लेषण’ एवढेच छापले असून कोणाचीही सही नाही. बाबा मात्र ठामपणे सांगतात की पहिला तासभर ते छताकडे पाहत जागेच पडले होते. या आकड्यांवर उपचार ठरवावेत का?

उत्तर, वडोदरा:
ताई, मी झोपतपासणीचे तंत्रज्ञ म्हणून काम करतो. शून्य टक्क्यांची धास्ती घेऊ नका. एन-3 मोजताना मेंदूच्या 75 मायक्रोव्होल्टहून मोठ्या संथ लहरी धरतात आणि उतारवयात त्यांची उंची घटते, त्यामुळे झोप लागूनही त्या मोजणीत येत नाहीत. बाबांचे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्या. जागेपणी डोळे मिटल्यावर उमटणारी मेंदूची अल्फा लय काही माणसांत दिसतच नाही. अशा वेळी निश्चल पडलेल्या जाग्या माणसाला सॉफ्टवेअर सहज एन-1 म्हणजे सर्वांत हलक्या झोपेत समजते. पापण्यांची उघडझाप आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण पाहिल्याशिवाय तो तास झोपेचा म्हणता येणार नाही.

आणि हा तास क्षुल्लक नाही. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास अडण्याचे प्रसंग. तुमच्या अहवालाप्रमाणे 6 तासांत 75 होतात. त्या तासात एकही प्रसंग नोंदलेला नसेल, तर तेच 75 प्रसंग 5 तासांना वाटून एएचआय 15 भरतो आणि झोपेत श्वास अडण्याचा सौम्य ठरलेला आजार मध्यम गटात जातो.

उत्तर, ग्वाल्हेर:
वरील मताशी सहमत आहे, परंतु माणसाचे वाचनही अचूक समजू नये. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या कार्यक्रमातील नोंदींवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदीच्या 30 सेकंदांच्या तुकड्यांचा टप्पा ठरवण्याबाबत नोंद वाचणाऱ्यांचे एकमत सुमारे 83 टक्के होते; एन-1 बाबत ते 63 टक्क्यांवर आले. जिथे जाणकारांतच मतभेद आहेत, तिथे त्यांच्याच नोंदींवर शिकलेले सॉफ्टवेअर डगमगणारच. म्हणून केंद्राकडून मूळ नोंद मागवा आणि निदान तो पहिला तास तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्या.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आज केंद्राला तसे लेखी कळवले आहे. बाबा झोपेची गोळी घेतात, हे सांगायचे राहिले होते. तेही पत्रात नमूद केले.

उत्तर, वडोदरा:
गोळीचे नाव आणि मात्राही कळवा. काही गोळ्यांनी संथ लहरी आणखी घटतात, म्हणून वाचणाऱ्याला ते आधीच ठाऊक असायला हवे.