कॅन्टीनवाल्याचा चेक बाउन्स झालाय, तो म्हणतो २० जुलैला परत टाका. टाकू का?

पोळीभाजी_कोपरखैरणे
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितीये, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. मी कोपरखैरण्याला घरून डबे करते, दोन बायका मदतीला आहेत. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात ज्याच्याकडे कॅन्टीन आहे त्याला फेब्रुवारीपासून रोज ४० डबे देत होते, ७० रुपये डबा, महिन्याचे २२ दिवस. पहिल्या महिन्याचे पैसे वेळेवर आले आणि मग मार्च, एप्रिल, मे नुसतं "ताई या आठवड्यात करतो". शेवटी मी डबे बंद करते म्हटल्यावर ५ जूनचा १,८४,८०० चा चेक दिला. १० तारखेला ऐरोलीच्या माझ्या ब्रांचला टाकला, १२ ला मेसेज आला की रिटर्न, वर बँकेने माझेच पैसे कापले चार्जेस म्हणून!! १३ ला जाऊन मेमो (चेक का परत आला ती बँकेची चिठ्ठी) आणला, कारण फंड्स इनसफिशियंट, म्हणजे खात्यात पैसेच नाहीत.

आता तो म्हणतो कोर्टकचेरी कशाला ताई, १५ हजार आत्ता जीपे करतो आणि हाच चेक २० जुलैला परत टाका, शंभर टक्के पास होणार. मिस्टर म्हणतात येतायत तेवढे घे. भाऊजी म्हणतात ४२० लाव त्याच्यावर. मला काही सुधरत नाहीये. चेक माझ्याच नावाचा आहे. त्याचं ऑफिस आणि बँक भांडुपला आहे, मग मला मुंबईच्या कोर्टात जावं लागणार का? आणि आमचं लेखी काहीच नाही, फक्त एक वही आहे, गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज किती डबे आत गेले ते लिहून सही करायचा. निम्म्या पानांवर आमटीचे डाग आहेत ती वही कोर्टात चालते का.

घणसोली_नाका
पोलिसांचं विसरा. माझ्या गॅरेजचे ६० हजार अडकले तेव्हा दोनदा चौकीत बसून आलो, दोन्ही वेळा चहा मिळाला आणि "हे कोर्टाचं काम आहे" हे ऐकायला मिळालं. चेकची केस आपण स्वतः मॅजिस्ट्रेटकडे टाकायची असते.

विटावाकर
ताई, मी वकील नाही, पण २२ वर्षं ठाणे कोर्टासमोर वकिलांकडे टायपिंग करतोय, १३८ च्या (चेक बाउन्सचं कलम) नोटिसा किती टाइप केल्या त्याची गणती नाही. तुमच्या प्रश्नात दोन खड्डे आहेत म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला खड्डा तारखेचा. चेक परत आल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. मेमो १३ ला हातात आला तरी मेसेज १२ ला आलाय, समोरचा वकील तोच धरणार, म्हणून १२ जुलै शेवटचा दिवस समजा. आता बघा, त्याने तारीख कुठली दिली? २० जुलै. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण ज्यांनी आधी चार जणांना चेक दिलेत त्यांना हा हिशेब पाठ असतो. तसं २० ला टाकून परत बाउन्स झाला तर नव्या मेमोवर नवे ३० दिवस मिळतात, सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय, पण चेकचं आयुष्य तारखेपासून ३ महिने, म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा संपायच्या आत तो नुसता कागद झाला.

दुसरा खड्डा १५ हजारांचा, आणि तो जास्त खोल आहे. १५ हजार घेतलेत की तुमचं येणं १,६९,८०० राहतं आणि चेक मात्र १,८४,८०० चा. तसाच पूर्ण रकमेचा परत टाकला आणि बाउन्स झाला तर तो म्हणणार चेकवरची रक्कम मी देणंच लागत नव्हतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच म्हटलंय, मधे काही पैसे आले असतील तर चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेसाठीच टाकायचा. नाहीतर केस उडते. म्हणून तो चेक आता बँकेत टाकूच नका, १२ जूनच्याच मेमोवर नोटीस काढा.

नोटिशीत चेक नंबर, तारीख, बँक, मेमोची तारीख आणि कारण, आणि रक्कम चेकवर आहे तीच, रुपयाचाही फरक नको. एका ऑफिसात शून्य कमी टाइप झालं होतं (मी नव्हतो केलं) आणि सगळी केस त्या शून्यावर अडली. रजिस्टर एडी (पोचपावतीचं टपाल) आता स्पीड पोस्टातच मिसळलीय, स्पीड पोस्टनेच पाठवा, पावती चेकसारखीच जपा. त्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस द्यायचे, त्यात पैसे नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात कम्प्लेंट. १५ दिवस पुरे व्हायच्या आधी टाकाल तर तीही उडते, घाई नको.

कोर्ट तुमचं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ज्याने चेक टाकला त्याच्या ब्रांचप्रमाणे कोर्ट ठरतं, ऐरोली म्हणजे बेलापूर. भांडुपहून त्यालाच येऊ दे.

चेकवर सहीखाली शिक्का काय आहे ते बघून सांगा, प्रोप्रायटर की प्रायव्हेट लिमिटेड. लिमिटेड असेल तर नोटीस कंपनीच्या नावे लागते, आणि केसमध्ये कंपनी आणि सही करणारा दोघांना धरायचं.

नौपाडा_हार्डवेअर
वरचं सगळं बरोबर पण ताईंना खरं चित्रही सांगा की हो. कायद्यात सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, माझी केस चौथ्या वर्षात आहे, दर तारखेला दुकान बंद ठेवून जातो. पण नोटीस पाठवाच. मी आजवर तीन पाठवल्या, दोघांनी नोटीस मिळताच पैसे आणून दिले, तिसऱ्याची ती चौथ्या वर्षातली केस. २०१८ पासून कोर्ट सुरुवातीलाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला सांगू शकतं, तेवढाच दिलासा.
आणि काही झालं तरी ओरिजिनल चेक त्याच्या हातात देऊ नका. "जुना द्या नवीन देतो" म्हणेलच.

सानपाड्याची_मावशी
वकिलाच्या फीची काळजी असेल तर बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, हेल्पलाइन १५१००. माझ्या सुनेला पोटगीसाठी तिथूनच वकीलबाई मिळाल्या, चांगल्या होत्या, फक्त फोन उचलायच्या नाहीत. वही मस्त आहे, डागांसकट जपा. चेकवर सही त्याची आहे ना, मग देणं नव्हतं हे त्यानेच दाखवायचं असतं.

पोळीभाजी_कोपरखैरणे
सगळ्यांचे आभार. शिक्का प्रोप्रायटरचा आहे. पण एक घोळ झालाय, काल रात्री त्याने न विचारता १५ हजार जीपे करून टाकले आणि खाली मेसेज "ताई आता २० ला टाका". आता काय? परत पाठवू का?

विटावाकर
परत कशाला पाठवता, तुमच्याच घामाचे आहेत. १२ जूनला चेक परत आला त्या दिवशी पूर्ण रक्कम येणं होती, ते यामुळे बदलत नाही. मात्र नोटिशीत ते १५ हजार अमुक तारखेला मिळाले हे स्पष्ट लिहा, लपवलं तर उलटेल. मागणीची ओळ आता नाजूक झालीये, ती माझ्यासारख्या टायपिस्टकडून नको, मावशी म्हणाल्या त्या वकिलाकडून बसवून घ्या. जीपेचा आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, "२० ला टाका" म्हणजे देणं आहे हे त्याने स्वतःच लिहून दिलंय.

पोळीभाजी_कोपरखैरणे
मंगळवारी ठाण्याला जाऊन अर्ज दिला, वकीलबाई मिळाल्या (या फोन उचलतात मावशी). काल नोटीस गेली. मिस्टर विचारतायत की तो पोस्टमनकडून घेतलीच नाही तर?

विटावाकर
पत्ता बरोबर असेल आणि "रिफ्यूज्ड" शेरा मारून परत आली तर मिळाल्यातच जमा. पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा, कोर्टात लागेल. आणि ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा, नंतर तो नंबर साइटवर काही दाखवत नाही.