मदत हवी आहे: ब्रॉन्झ मेटल क्लेचे दागिने आतून कच्चे राहतात, आणि डिझाइनबद्दलही विचारायचंय

नमस्कार मंडळी,

मेटल क्लेवर काम केलेलं इथे कुणी आहे का? माझ्या दोन अडचणी आहेत, एक भट्टीची आणि दुसरी डिझाइनची. दोन्ही एकमेकींत इतक्या गुंतल्यात की वेगवेगळे धागे काढून उपयोग झाला नसता.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धातूची अगदी बारीक पूड, त्यात सेंद्रिय चिकटा आणि पाणी, असा कणकेसारखा गोळा असतो. तो लाटायचा, त्यावर ठसा उमटवायचा, वाळवायचा आणि भट्टीत भाजायचा. चिकटा जळून जातो, धातूचे कण एकमेकांना जुळतात आणि हातात खराखुरा धातू येतो. मासाकी मोरिकावा यांनी जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्ससाठी १९९० मध्ये चांदीची क्ले तयार केली. ब्रॉन्झची क्ले बिल स्ट्रूव्ह यांनी २००८ मध्ये बाजारात आणली. चांदीचे भाव इतके चढल्यापासून मी ब्रॉन्झच वापरते. पण चांदी उघड्यावर भाजता येते, ब्रॉन्झला हवा लागली की ते काळं पडतं. त्यामुळे स्टीलच्या डब्यात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या दाण्यांत पुरून भाजावं लागतं. माझं घोडं तिथेच अडलंय.

आता अडचण सांगते. मी माहीमला राहते. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी वांद्र्याच्या बँडस्टँडजवळच्या खडकांवर जात होते. तिथे बायका कालवं काढायला येतात. टोकदार लोखंडी हत्याराने वरचं झाकण उडवतात, आतलं मांस काढून घेतात आणि खालची वाटी खडकाला चिकटलेली तशीच राहते. ती रिकामी वाटी जवळून बघा कधी. कडेला पापुद्र्यावर पापुद्रे, मध्ये गुळगुळीत खळगा, आणि खळग्यात एका बाजूला जांभळट डाग, जिथे त्या जिवाचा स्नायू चिकटलेला असतो. दोन भागांची सिलिकॉन पुटी समप्रमाणात मळून मी त्या वाट्यांचे साचे जागेवरच घेतले. शिंपला तोडला नाही, खडकही खरवडला नाही.

त्या साच्यांतून ब्रॉन्झचं पेंडंट काढते. ठसा अप्रतिम येतो, कडेचा एकेक पापुद्रा मोजता येतो. भट्टीतून बाहेर आल्यावर रंगही छान असतो. पण जरा जोर दिला की अडकवायच्या कडीपाशी तुकडा पडतो. तुटलेली कड भिंगातून पाहिली तर बाहेरून साधारण एक मिलिमीटर चकचकीत तांबूस धातू आणि आत काळपट तपकिरी भुगा, नखाने खरवडला तरी निघणारा. त्याच डब्यातल्या पातळ पट्ट्या मात्र ठणठणीत असतात, वाकवल्या तरी मोडत नाहीत.

भट्टी छोटी इलेक्ट्रिक मफल (बंद कप्प्याची) आहे, डिजिटल कंट्रोलरवाली, १५ अँपिअरच्या प्लगवर चालते. वेळ आणि तापमान पाकिटावर दिल्याप्रमाणे. ज्यांच्याकडून क्ले घेतली त्यांना विचारलं तर "तापमान वाढवा" एवढंच उत्तर मिळालं. वाढवलं, तर पातळ पट्टीवर फोड आले आणि पेंडंट आतून तसंच राहिलं. पावसाळ्यात हे सगळं आणखी बिघडतं. पंख्याखाली वाळवलं तर कडेला चिरा जातात, पंखा बंद ठेवला तर वाळतच नाही.

दुसरी अडचण मला जास्त छळते. ही क्ले हुबेहूब ठसा घेते, आणि मी नेमकी तिथेच थांबते. बघणारे म्हणतात, "अरे, किती खरं वाटतंय!" पण कुणी गळ्यात घालून बघत नाही. पूर्वी इंटरनेटवर पानं, पिसं, झाडाच्या सालीचे ठसे बघून तशी पेंडंट्स करायचे, तो कंटाळा आला म्हणून खडकांवर गेले. आता मला माझी वस्तू सापडलीय, तिच्यावर जीव जडलाय, पण तिचा दागिना होत नाहीये. तुम्ही एखाद्या आकारापासून दागिन्यापर्यंत कसे पोहोचता? कुठे बघता, काय टाकून देता? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, तुमच्या वर्णनावरून तापमान कमी नाही, चिकटा अडकलाय. जाड तुकड्याच्या मधल्या भागातला चिकटा जळण्यासाठी वेळ आणि हवा दोन्ही लागतात. कार्बनमध्ये पुरल्यावर हवा मिळत नाही. मग बाहेरचा थर जुळतो, आतला चिकटा कोळसा होऊन कणांच्या मध्ये बसतो आणि कण जुळूच देत नाही. वर तापमान वाढवलंत तर पातळ भाग वितळायला लागतो. तुमच्या पट्टीवर फोड आले ते त्यामुळेच.

भाजणं दोन टप्प्यांत करा. आधी कार्बन न घालता, उघड्या जाळीवर, ३०० ते ३५० अंशांपर्यंत सावकाश न्या आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत तिथेच ठेवा. तुकडा काळा दिसेल, घाबरू नका. त्या अवस्थेत तो फार ठिसूळ असतो, म्हणून थंड झाल्यावर हलक्या हाताने कार्बनमध्ये ठेवा आणि मग दुसरा टप्पा. ब्रॉन्झचा हा टप्पा बहुतेक ८४० अंशांच्या आसपास असतो, पण तुमच्या पाकिटावरचा आकडा प्रमाण माना. कंट्रोलरवर दिसणारं तापमान भट्टीच्या भिंतीजवळचं असतं. कार्बनने भरलेला डबा मधून तापायला बराच मागे राहतो. म्हणून तापमानाला हात लावू नका, वेळ वाढवा. डबा दारापासून आत सरकवा, दाराशी भट्टी थंड असते.

प्रत्येक वेळी डब्यात एक चाचणीची पट्टी ठेवा, पण ती पेंडंटच्या सगळ्यात जाड भागाएवढी जाड हवी. पातळ पट्टी पास झाली म्हणजे पेंडंट पास झालं असं होत नाही.

पावसाळ्यात कार्बनचे दाणेही हवेतला ओलावा ओढून घेतात. वापरायच्या आधी उघड्या ताटलीत गरम करून घ्या. तुकडा वाळलाय का हे बघायला कोमट करून आरशावर ठेवा. आरशावर वाफ धरली तर आत अजून पाणी आहे. आणखी खात्री हवी असेल तर ग्रॅमच्या काट्यावर वजन करत राहा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. पंख्याचा झोत नको. उलट्या टोपलीखाली झाकून ठेवा आणि मधूनमधून उलटा.

एक महत्त्वाचं राहिलं. कार्बनमध्ये भाजताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. खिडक्या सताड उघड्या ठेवा, आणि झोपायच्या खोलीत भट्टी अजिबात लावू नका.

प्रतिसाद

खोलगट तुकडा वाळताना आणि भाजताना खचतो, त्याला खालून आधार द्या. व्हर्मिक्युलाइट कुठल्याही नर्सरीत कुंड्यांसाठी मिळतं, वाळवताना त्यातच टेकवून ठेवत जा. आणि चांदी व ब्रॉन्झ एकाच टेबलावर करत असाल तर अवजारं वेगळी ठेवा. ब्रॉन्झमधल्या तांब्याचे कण चांदीत गेले तर ते मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळतं, शुद्ध चांदी ९६२ ला. चांगल्या चांदीच्या तुकड्याला भोकं पडलेली बघितलीत की वाईट वाटतं हो.

प्रतिसाद

आमच्याकडे तीन पिढ्या सोनारकाम आहे, मी स्वतः मेटल क्लेला कधी हात लावलेला नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न आमच्याही घरातला आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे दागिना कुठे बसणार हे आधी ठरतं, नक्षी मागाहून येते. बुगडी कानाच्या वरच्या पाळीला धरते म्हणून ती हलकी आणि पाठीला सपाट. ठुशी गळ्याला चिकटून बसायची म्हणून मणी दाट गुंफलेले, वळण गळ्याचं. तुम्ही पेंडंट म्हणून सुरुवात केलीत, म्हणजे छातीवर लोंबणारी एक वस्तू. तिथे काहीही चालतं, त्यामुळे आकाराला वळण मिळत नाही. तुमच्या कालवाच्या वाटीला खोली आहे. ती कानाच्या पाळीवर कशी बसेल ते बघा. बाहेरचे पापुद्रे मागे कानाकडे जाऊ देत, समोर फक्त गुळगुळीत खळगा आणि एका बाजूची तुटकी कड. सगळंच दाखवायचा हट्ट सोडावा लागेल.

भट्टीचं कळत नाही, पण एक गोष्ट ओतकामावरून सांगतो. साचा भरून जाड ठोकळा कशाला काढता? क्ले पातळ लाटा आणि साच्याला आतून अस्तरासारखी लावा. जाडी सगळीकडे सारखी राहील, वजन निम्म्यावर येईल, आणि वरच्यांनी सांगितलेला चिकट्याचा प्रश्नही बराचसा सुटेल असं वाटतं.

वेळ काढून भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात एक फेरी मारा. १८७२ पासूनची वास्तू आहे, जुन्या कारागिरीच्या वस्तू बघायला मिळतील. सीएसएमटीच्या दगडातली पानंफुलं आणि प्राणी जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी घडवलेत, तिथेही दहा मिनिटं मान वर करून उभं राहा. झाडावरचं पान आणि खांबावरचं पान यांत कारागिराने काय काढून टाकलं ते वहीत रेखाटा. फोटो काढू नका, हाताने रेखाटा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन टप्प्यांचं भाजणं आणि अस्तराची युक्ती दोन्ही करून बघितली. साधारण सव्वा मिलिमीटरचा थर साच्यात दाबला, उघड्या जाळीवर धूर थांबेपर्यंत ठेवला आणि मग कार्बनमध्ये. जाड चाचणीपट्टी पक्कडीत वाकवली, मोडली नाही. तोडून पाहिली तर आत शेवटपर्यंत तांबूस धातू. वाटी फरशीवर टाकली तर धातूचा खणखणीत आवाज आला, तो ऐकून मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

कानाचं तुम्ही म्हणालात ते मनात पक्कं बसलंय. कागदाच्या वाट्या करून पाळीवर लावून बघतेय. ब्रॉन्झ भाजल्यावर सुमारे २० टक्के आकसतं, म्हणजे १६ मिलिमीटरची वाटी हवी असेल तर ओली २० ची करायला हवी. खडकावरची अगदी लहान कालवं आता कामाला येतील. आणि त्या जांभळट डागाच्या जागी मोती बसवावा असं डोक्यात आलंय, कुडीतल्या मोत्याची आठवण राहील एवढाच, एकच. मोती भट्टीत टिकणार नाही हे माहीत आहे. मग तो कसा बसवू? आणि कानात जाणारी काडी ब्रॉन्झची ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद

काडी ब्रॉन्झची नको. तांब्यामुळे घामात कान हिरवे होतील आणि काहींना खाज सुटेल. ९२५ चांदीची काडी मागून डाग देऊन (म्हणजे सोल्डरने जोडून) लावा. क्लेचं ब्रॉन्झ थोडं सच्छिद्र असतं, डाग आत शोषून घेतं, म्हणून डाग द्यायची जागा आधी स्टीलच्या घोटणीने चांगली घोटून घ्या. मोत्यासाठी ओल्या क्लेमध्ये बारीक भोक ठेवा, भाजून झाल्यावर त्यात चांदीची खुंटी डाग देऊन उभी करा आणि अर्धं भोक पाडलेला मोती दोन भागांच्या इपॉक्सीने त्यावर बसवा. मोती सगळ्यात शेवटी, पॉलिश आणि काळवणं (मुद्दाम काळसर रंग चढवणं) उरकल्यावरच. असे मोती मुंबादेवीच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळतील. खुंटीची जाडी मोजून घेऊन जा, म्हणजे भोक तेवढंच पाडून घेता येईल.