मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनचं वर उघडणारं छप्पर हिवाळ्यात कसं सांभाळावं?

नदीकाठ
मुक्काम लीड्स, इंग्लंड. गाडी २०१२ ची फोक्सवॅगन टी५, छोटा व्हीलबेस. पॉप-टॉप (वर उघडणारं छप्पर) मागाहून बसवलेला: फायबरग्लासचं छप्पर, बिजागऱ्या मागे, पुढून उचलायचं, दोन बाजूंना दोन गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूच्या जोरावर छप्पर उचलून धरणाऱ्या नळ्या), भोवती अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास. गाडी बारा महिने उघड्यावर, कारण गॅरेजच्या दारात उंचीला अडते.

कॅनव्हासच्या खालच्या घडीत काळे ठिपके आलेत. पाऊस झाला की ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कोपऱ्यात ओल दिसते. आणि सकाळी गारठ्यात छप्पर अर्ध्यावर येऊन थांबतं, उन्हाळ्यात आपसूक वर जायचं. स्ट्रट बदलायला झालेत का? नाताळात लेक डिस्ट्रिक्टला जायचं आहे. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत गाडी उभीच राहील, तेव्हा ताडपत्री घालू का?

पान्हा१३
ताडपत्री नको. खालची ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडून रंग खरवडते. हवा खेळणाऱ्या कापडाचं कव्हर मिळतं, नुसत्या छपरापुरतं अर्धंही मिळतं. ते गाडी धुऊन, कोरडी करून मगच घाला. धुळीवर घातलं तर कव्हरच पॉलिश पेपरचं काम करेल.

स्ट्रटचं सांगायचं तर थंडीत त्यांचा जोर उतरतोच. आत नायट्रोजन असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर कमी होतो. २० अंशांवरून ० वर आलात की साधारण ७ टक्के जोर गेला, उणे १० ला १० टक्के. स्ट्रट आधीच म्हातारे असतील तर एवढ्यानेही अडतं. गाडी आतून गरम केल्यावर परत उचलून बघा. तरीही अर्ध्यावर थांबलं, किंवा पूर्ण वर जाऊन हळूहळू खाली बसायला लागलं, तर बदला. दोन्ही एकदम बदला. एक नवा एक जुना ठेवला की छप्पर तिरकं उचललं जातं आणि बिजागऱ्या पिळवटतात. नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तोच घ्या. ‘जरा जास्त जोराचा’ घ्यायचा मोह होतो, पण मग छप्पर बंद करताना लोंबकळावं लागतं आणि फायबरग्लासला बाक येतो. काढण्याआधी छपराखाली दोन्ही बाजूंना लाकडी टेकू द्या. छप्पर बंद असताना दांडा खालच्या बाजूला येईल असा स्ट्रट बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. दांड्याला ग्रीस-तेल काही लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा, बास.

आणि हो, छपरावर बर्फ असताना ते उचलू नका. तीन चौरस मीटर छपरावर १० सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे सहज ९० किलो. आधी मऊ झाडूने खाली ढकला.

वळकटी
काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि तिचं मूळ एकच: ओला कॅनव्हास घडी करून बंद केलेला. रात्री दोघं झोपलात तर श्वासातूनच अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. वर गॅसची शेगडी पेटवली की आणखी भर, कारण १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ही सगळी वाफ सर्वात गार पृष्ठभागावर, म्हणजे तुमच्या कॅनव्हासवर, येऊन बसते. म्हणून शेगडीवर गाडी तापवायची नाही (कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच, अलार्म लावलेला हवा). डिझेल हीटरचा धूर बाहेर जातो, तो चालेल. खिडकी बोटभर उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

ठिपके कोरड्या ब्रशने घासू नका, बीज सगळ्या गाडीभर उडतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा. ब्लीच नको, त्याने कापडावरचा लेप आणि शिवणीचा दोरा दोन्ही जातात. फिकट डाग राहील, राहू दे. बुरशी मेली की डाग नुसता डाग असतो.

पान्हा१३
कोपऱ्यातली ओल गळती असेलच असं नाही. छपराच्या कडेच्या रबरी सीलवर खडू घासा, छप्पर बंद करून पट्टे आवळा, परत उघडा. वरच्या कडेवर खडूची रेघ सलग उमटायला हवी. जिथे तुटली तिथे सील दाबत नाहीये.

नदीकाठ
केलं. त्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरी. आणि तिथेच कॅनव्हासची एक घडी सीलमध्ये सापडलेली दिसली.

वळकटी
मग चोर सापडला. ती घडी वातीसारखी पाणी आत ओढते. कॅनव्हासच्या मध्यावर चहूकडून जे इलॅस्टिक असतं ते सैल पडलंय का बघा, त्याचं काम कापड आत खेचणं. सैल असेल तर बदला. बंद करताना सरकतं दार उघडं ठेवा, नाहीतर आतली कोंडलेली हवा कापड बाहेर फुगवते आणि ते कडेत अडकतं. शेवटचा वीतभर उरला की थांबा, हाताने चारी बाजू आत सारा, मग ओढा.

सीलला महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस, अगदी पातळ हात. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. कोरडं सील कडाक्याच्या थंडीत छपराला चिकटून गोठतं आणि हिसका दिला की सीलची कड फाटते. चिकटलं असेल तर हीटर लावून अर्धा तास थांबा. गरम पाणी ओतू नका, तेच पुन्हा गोठतं.

ओवी_ग्लासगो
लेक डिस्ट्रिक्टसाठी: वारा जोरात असेल तर बिजागऱ्यांची बाजू, म्हणजे तुमच्या गाडीची पाठ, वाऱ्याकडे करून उभी करा. वादळी रात्री छप्पर बंद, खाली झोपा. निघताना कॅनव्हास ओला असेल तर नाइलाजाने बंद करा, पण घरी आल्यावर त्याच दिवशी उघडा.

जानेवारी-फेब्रुवारीत गाडी उभी असताना दर दोन-तीन आठवड्यांनी कोरडा दिवस बघून दोन-तीन तास छप्पर वर ठेवा. वरची गादी काढून घरात आणा. आतून चंदेरी इन्सुलेशन लावलं असेल तर तेही काढा, त्याच्यामागे सर्वात जास्त पाणी सुटतं. ओल शोषणारं यंत्र घ्यायचं तर डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं. कॉम्प्रेसरवालं थंडीत गोठून बसतं. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या स्वस्त आहेत, पण त्यात जमा झालेलं खारट पाणी सांडलं तर धातू खातं. परातीत ठेवा, आणि गाडी हलवायच्या आधी बाहेर काढा.

नदीकाठ
इलॅस्टिक खरंच ढिलं आहे. कॅनव्हास धुतला की वॉटरप्रूफिंगही लगेच मारू का?

वळकटी
नको. बहुतेक द्रावणांना सुकायला १० अंशांच्या वर हवा लागते आणि कापड पूर्ण कोरडं असावं लागतं. एप्रिलमध्ये मारा. तोवर कॅनव्हासवर बाहेरून चढवायचं वेगळं आवरण मिळतं, नाताळाला ते घेऊन जा.