हरणाऱ्या संघावर आशा ठेवायची की सोडायची? (निमित्त : सॅक्रामेंटो किंग्ज)

जांभळा_किंग (धागाकर्ता)

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा मोसम तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रुपवर दरवर्षीचा प्रश्न पडलाय : "काय, अजून किंग्जच का?" विचारणारे अर्थात लेकर्सवाले नाहीतर वॉरियर्सवाले. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅक्रामेंटो हे कॅलिफोर्नियाच्या राजधानीचं शहर, किंग्ज हा तिथला संघ. विजेतेपद एकच, १९५१ चं, तेही संघ रॉचेस्टरमध्ये रॉयल्स नावाने खेळायचा तेव्हाचं. पुढे सिनसिनाटी, कॅन्सस सिटी असं बिऱ्हाड फिरवत १९८५ मध्ये सॅक्रामेंटोत टेकले. २००६ नंतर सलग १६ मोसम प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. २०२२-२३ मध्ये ४८ सामने जिंकून तो संपला, आणि आम्हाला वाटलं सुटलो. त्यानंतर दोनच वर्षांत कोच माइक ब्राउनला नारळ मिळाला, मुख्य खेळाडू डी'आरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये प्ले-इनच्या (प्लेऑफच्या पात्रतेच्या) सामन्यात डॅलसने घरच्या कोर्टावर येऊन मारलं. ४० विजय, ४२ पराभव.

तरी माझं म्हणणं, आशा ठेवावी. फक्त कशावर ठेवायची ते आधी ठरवावं. विजेतेपदावर ठेवाल तर ३० पैकी २९ संघांचे चाहते दरवर्षी तोंड पाडून बसणार. मी आशा ठेवतो ती खेळाडूच्या वाढीवर. फॉक्स पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी ११.६ गुण करायचा, लांबून मारलेला चेंडू रिंगवर आदळून यायचा. सहाव्या वर्षी तोच २५ वर पोचला, आणि शेवटच्या मिनिटांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लीगने नवीनच सुरू केलेला पुरस्कार पहिल्यांदा त्यालाच मिळाला. मधली सगळी हरलेली वर्षं मी बघितली होती म्हणून तो पुरस्कार मला माझ्या घरातला वाटला. लेकर्सवाल्यांना हे सुख नाही. त्यांच्याकडे माणूस तयार होऊनच येतो.

आणि २०२३ च्या डिसेंबरमधली ती रविवारची सकाळ. (किंग्जचा घरचा सामना आपल्याकडे सकाळी पडतो, हाही या संघाचा एक फायदाच. जागरण नाही.) युटाविरुद्ध कीगन मरेने पहिले अकराच्या अकरा थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे चेंडू) टाकले. अकरा! सातव्या-आठव्यानंतर समालोचकांना काय बोलावं सुचेना. हा मुलगा एरवी चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. त्या दिवशीही जाळीतून चेंडू पडला की मान खाली घालून मुकाट बचावाला पळायचा, जणू दुसऱ्याच कुणीतरी टाकला. बाकड्यावरचे मात्र डोक्याला हात लावून उभे. बारा थ्री, ४७ गुण. तो मोसम शेवटी पश्चिम विभागात नवव्या क्रमांकावर संपला. पण म्हणून ती सकाळ वजा होत नाही.

मतं मांडा. फक्त "लेकर्स बघ" हा सल्ला नको.

हिशेबनीस

लेख गोड आहे, पण तुम्ही मालकाचं नाव शिताफीने टाळलंत. ते मी घेतो.

विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. २०१३ मध्ये ५३.४ कोटी डॉलर किमतीला संघ घेतला, आज ती किंमत कित्येक पटींनी वाढली आहे. या काळात संघाने काय केलं? मायकल मलोन नावाच्या कोचला डिसेंबर २०१४ मध्ये काढलं, तेव्हा हिशेब ११ विजय, १३ पराभव असा होता, आणि मुख्य खेळाडू कझिन्स मेनिन्जायटिसने घरी झोपून होता. त्याच मलोनने २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. माइक ब्राउन २०२३ मध्ये एकमताने वर्षाचा सर्वोत्तम कोच, २०२४ च्या उन्हाळ्यात करार वाढवून दिला, आणि त्याच डिसेंबरमध्ये घरी.

आता ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला, पुढच्याच क्रमांकाला लुका डॉन्चिच गेला. रणदिवेंच्या आधीचेही काही कमी नव्हते. २००९ मध्ये टायरीक इव्हान्स चौथा, स्टेफ करी सातवा. २०१२ मध्ये थॉमस रॉबिन्सन पाचवा, डेमियन लिलार्ड सहावा. डॉन्चिच, करी, लिलार्ड तिघेही पुढे मोठे तारे झाले. इतकं चुकायलाही सातत्य लागतं.

तुम्ही ज्याला आशा म्हणता ते मालकाच्या वहीत उत्पन्न आहे. तिकीट, जर्सी, लीग पास (सामने बघायची वर्गणी), सगळं तुम्ही हरताना पण भरता. मग त्याने सुधारायचं कशासाठी? दुकानदार नासका आंबा देतोय आणि गिऱ्हाईक पेटी सोडत नाही, अशी ही गत. फॉक्सच्या वाढीवर आशा ठेवलीत ना? वाढला आणि गेला.

बॉक्सआऊट

हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात टायरीस हॅलिबर्टन राहिला. किंग्जने २०२२ मध्ये त्याला इंडियानाला देऊन टाकला आणि २०२५ ला तो त्यांना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला.

जांभळा_किंग

@बॉक्सआऊट हॅलिबर्टनच्या बदल्यात सबोनिस आला, आणि सबोनिस नसता तर २०२३ नसतं. हा व्यवहार दोघांनाही लाभला असं मी मानतो. इंडियानाला जास्त, ठीक.

थोडंसं_बेंगळुरू

आम्हा आरसीबीवाल्यांना विचारा. १८ मोसम! सबर का फल.

हिशेबनीस

@थोडंसं_बेंगळुरू आयपीएलची तुलना इथे लागू नाही. तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी जवळजवळ कोरी होते. एनबीएत २०१५ मध्ये केलेल्या मूर्खपणाची किंमत २०१९ मध्ये मोजावी लागते. हे उदाहरण म्हणून सांगत नाहीये, किंग्जने खरंच मोजली. पगारमर्यादेत जागा मोकळी करायला फिलाडेल्फियाला पुढचे पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) देऊन बसले. त्यामुळे २०१७ मध्ये लॉटरीत (निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) तिसरा क्रमांक लागूनही पाचव्यावर उतरावं लागलं, आणि २०१९ चा पहिल्या फेरीचा पिक तर हातातून गेलाच.

फोल्समकर

मी सॅक्रामेंटोजवळ फोल्सममध्ये राहतो. हिशेबनीस यांचे आकडे बरोबर आहेत, पण ते लांबून मोजलेत.

इथे संघ जिंकला की अरेनाच्या छतावरून जांभळा लेझर आकाशात सोडतात. २०२२ च्या मोसमात सुरू झालं. सामन्यानंतर खेळाडू एक मोठं बटण दाबतो आणि आख्खं प्रेक्षागृह "लाइट द बीम" (झोत लावा) ओरडतं. हायवे ५० वरून घरी येताना तो प्रकाश मैलोन् मैल दिसतो. सामना बघितला नसला तरी कळतं. माझी मुलगी बास्केटबॉलमधलं ओ की ठो जाणत नाही, पण खिडकीतून डोकावून "आज लागला" म्हणते. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात लोक एकमेकांशी बोलतात. लॉस एंजेलिसमध्ये मीही राहिलोय, तिथे लेकर्स जिंकले की फक्त ट्रॅफिक वाढतो.

या शहरात मोठ्या लीगचा दुसरा जुना संघ नाही. २०१३ च्या जानेवारीत आधीच्या मालकांनी, मलूफ बंधूंनी, किंग्ज सिअ‍ॅटलच्या मंडळींना विकायचा करारच केला होता. तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन (स्वतः एनबीए खेळलेले) पर्यायी खरेदीदार शोधत फिरले आणि लोक त्या हरणाऱ्या संघाचे सामने बघायला येत राहिले. मे महिन्यात मालकांच्या मतदानात स्थलांतर २२ विरुद्ध ८ ने फेटाळलं गेलं. तुम्ही म्हणता तसा बहिष्कार तेव्हा टाकला असता तर आज वाद घालायला संघच नसता.

हिशेबनीस

@फोल्समकर बीमचं वर्णन वाचून मलाही बरं वाटलं, खोटं का बोला. पण वाक्य पूर्ण करा. संघ राहावा म्हणून नव्या अरेनासाठी शहराने २५ कोटी डॉलरच्या घरात सार्वजनिक पैसा घातला. म्हणजे चाहता तिकिटातून भरतो आणि नागरिक तिजोरीतून. "संघ उचलून नेऊ" ही धमकी ज्याच्या खिशात आहे त्याला तुमच्या आशेची भीती वाटायचं कारण काय?

रेडमंडचा_पाऊस

सिअ‍ॅटलकडून बोलतो. त्या २२-८ च्या दिवशी तुमच्याकडे पेढे वाटले असतील, आमच्याकडे सुतक होतं. आमचा सुपरसॉनिक्स २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेला. शेवटच्या मोसमात २० सामने जिंकला होता फक्त, पण केव्हिन ड्युरँट नावाचा पोरगा नुकता आला होता. आशा ठेवायला यापेक्षा चांगली वेळ सांगा. आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याच ओक्लाहोमाने विजेतेपद घेतलं. मी टीव्ही लावला नाही.

हिशेबनीस साहेब, तुमचा बहिष्कार ऐकायला छान आहे. इथे लोक कमी यायला लागले, शहराने नव्या अरेनाला पैसे नाकारले, आणि मालक सुधारला नाही, संघ गेला.

लॉटरीचा_आकडा

भावना बाजूला ठेवू. एनबीएत सगळ्यात खाली असलेल्याला वर यायचा रस्ता नियमातच आहे. २०१९ ते २०२५ च्या लॉटरीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची सारखीच, १४ टक्के शक्यता होती. डेट्रॉइट २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरलं, प्रेक्षक "संघ विका" ओरडत होते, शेवट १४ विजय, ६८ पराभव. पुढच्याच वर्षी ४४-३८ आणि प्लेऑफ. त्यामुळे हरणाऱ्या संघाचा चाहता असणं म्हणजे वेडेपणाच असं नाही, त्यात थोडं गणित आहे.

अडचण अशी की किंग्ज धड हरतही नाहीत. ४०-४२ ही सगळ्यात वाईट जागा. प्लेऑफ नाही आणि वरचा पिकही नाही. २०२५ मध्ये तेरावा आला होता, तोही जुन्या व्यवहारापायी अटलांटाला गेला. आणि लॉटरी ती लॉटरीच. त्याच वर्षी युटा १७-६५ करून शेवटचे आले, पिक पाचवा मिळाला. डॅलसची शक्यता १.८ टक्के होती, त्यांना पहिला पिक आणि त्या ड्राफ्टमधला सगळ्यात गाजलेला पोरगा, कूपर फ्लॅग.

माझा सल्ला : आशा ठेवायचीच तर ठरवून हरणाऱ्या संघावर ठेवा.

फोल्समकर

@लॉटरीचा_आकडा ठरवून हरणारा संघ तुम्ही वर्षभर बघा. तिकीट काढून, पोरांना घेऊन. मग बोलू.

कावबेल

२००२ कुणी काढलंच नाही अजून? वेबर, बिबी, दिवाच, पेजा, क्रिस्टी. त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम संघ आमचा होता. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सहाव्या सामन्यात पंचांनी शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) दिले. सत्तावीस, एका क्वार्टरमध्ये! ज्याचं असं लुटलं गेलंय त्याने आशा नाही ठेवायची तर काय ठेवायचं?

हिशेबनीस

सहावा सामना लुटला, मान्य. मग सातवा घरी होता, तुमच्या प्रेक्षकांच्या घंटा वाजत होत्या, पंच बाजूला ठेवू. किंग्जने ३० पैकी १६ फ्री थ्रो टाकले आणि ओव्हरटाइममध्ये सहा गुणांनी हरले. त्या रेषेवर उभं राहिल्यावर मध्ये कुणी येत नाही. तेवीस वर्षं सहाव्याची तक्रार चालू आहे, सातव्याचं नाव निघत नाही. हीच तुमच्या आशेची खोड. आठवण पण सोयीची ठेवते.

जांभळा_किंग

बरीच चर्चा झाली, थोडक्यात उत्तरं.

@हिशेबनीस मालकाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं काही खोडायचं नाही. पण आशा आणि आंधळेपणा तुम्ही एकाच पोत्यात भरताय. ब्राउनला काढलं तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या आम्हीच घातल्या, लेकर्सवाले हसून पुढे गेले. फॉक्स गेला म्हणता, तर मी सॅन अँटोनियोचे सामनेही बघतो आता. गुंतवणूक बुडाली असं वाटत नाही मला, कारण ती गुंतवणूक नव्हतीच.

आणि मुंबईचा संबंध काढलात म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या डोममध्ये झाले. किंग्ज विरुद्ध इंडियाना. पहिल्या सामन्याला स्टँड शाळकरी पोरांनी भरलेलं. त्यांना कोण कुठल्या क्रमांकावर आहे याच्याशी घेणंदेणं नव्हतं, प्रत्येक डंकला छप्पर उडत होतं. किंग्ज ओव्हरटाइममध्ये १३१-१३२ असे हरले. दुसऱ्या दिवशी परत हरले, चांगले २४ गुणांनी. मालकाच्या जन्मगावी येऊन दोन्ही हरायचे, हे आमच्यालाच जमतं. पण त्या पोरांपैकी कुणी त्या दिवसापासून किंग्जचं झालं असेल तर त्याला मी "चुकलास" म्हणणार नाही.

@रेडमंडचा_पाऊस तुमच्यापुढे बोलायला मला तोंड नाही.

हिशेबनीस

पोरांना मीही काही म्हणणार नाही, पैसे भरणाऱ्या बापांना म्हणतोय.

चला, पैज लावतो. २००६ पासून तुमच्याकडे दहाहून जास्त कोच झाले. आता २००२ च्या संघातला डग क्रिस्टी बसलाय. २०२५-२६ च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी तो त्याच खुर्चीवर दिसला तर पुढच्या वर्षीचा तुमचा लीग पास मी भरतो. नाही दिसला तर तुम्ही वर्षभर लीग पास घ्यायचा नाही. कबूल?

जांभळा_किंग

कबूल. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बॉक्सआऊट

दोघांचेही पैसे वाचतील असं काही करता येईल का बघा राव.