निर्वासित, हद्दपार की परागंदा? न्गुगींसाठी कुठला शब्द

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्यावर लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. आधी 'निर्वासित लेखक' लिहिलं, पण आपल्याकडे निर्वासित म्हटलं की फाळणी, उल्हासनगरची छावणी असंच डोळ्यासमोर येतं. 'हद्दपार' म्हणावं तर त्याला सरकारी हुकूम लागतो, तसा इथे निघालेलाच नाही. १९८२ मध्ये पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ते ब्रिटनला गेले, तिकडे कळलं की परतलात तर अटक ठरलेली, मग थेट २००४ मध्येच केनियात पाऊल ठेवलं. काय म्हणायचं अशा माणसाला?

---

तडीपार तर नकोच, तो पोलिसांनी गुंडाला जिल्ह्याबाहेर काढण्यापुरता ठीक. मी 'परागंदा' म्हणेन. फारसीतून आलाय, मूळ अर्थ पांगलेला, विखुरलेला. जिवाच्या भीतीने घरदार सोडावं लागलेला माणूस.

---

परागंदाला तोंड लपवून पळाल्याचा वास येतो हो, सावकाराला चुकवून माणूस परागंदा होतो. न्गुगी लपले कुठे? कामिरिथू गावात शेतकरी-मजुरांना घेऊन गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक बसवलं, सरकारने ते बंद पाडलं आणि १९७७ च्या ३१ डिसेंबरला त्यांना उचललं, खटला नाही काही नाही, जवळजवळ वर्षभर कामिती तुरुंगात. तिथे टॉयलेट पेपरवर गिकुयूतच कादंबरी लिहिली!! पुढे लंडनमध्ये केनियातल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी उघडपणे काम केलं. आणि 'मातिगारी' कादंबरीचं तर त्यांनीच सांगितलंय, गावोगाव लोक मातिगारीबद्दल बोलायला लागले, हा कोण माणूस सत्य आणि न्याय विचारत फिरतोय म्हणून. तेव्हा केनियाचे अध्यक्ष मोई यांच्या सरकारने त्याला पकडायचे आदेश दिले, नंतर समजलं की तो पुस्तकातला आहे, मग १९८७ मध्ये दुकानांतून पुस्तकंच जप्त केली. इतकं ज्याला सरकार घाबरतं त्याला परागंदा म्हणायला माझा हात धजत नाही.

---

पटलं. मग परागंदा नको. एकच शब्द हवा हा हट्ट सोडून 'बावीस वर्षं मायदेशाला पारखे झालेले न्गुगी' लिहू का?

---

हो, अगदी तसंच लिहा. पारखं होण्यात हुकूमही नाही आणि पळ काढणंही नाही, तुटल्याचं दुःख मात्र आहे. हद्दपार हा शब्द डेनिस ब्रूटससारख्या कवीला जास्त लागू पडेल, रॉबेन बेटावर शिक्षा भोगल्यावर १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने त्यांना परत यायचं नाही या अटीवरच देशाबाहेर जाऊ दिलं होतं.