१९७६ ची जीएमसी मोटरहोम, बेकरचा चढ आणि २२२ अंश: उन्हाळ्यात इंजिन किती तापलं तर नॉर्मल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. इथे जुन्या अमेरिकन गाड्या स्वतः हाताळणारे काही जण आहेत, म्हणून इथेच विचारतोय. जरा लांबेल, पण सगळे आकडे एकदाच देऊन टाकतो.

गाडी २६ फुटी जीएमसी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी), १९७६ सालची. ओल्ड्समोबिलचं ४५५ इंजिन, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटर, आणि इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. तीन गिअरचं ऑटोमॅटिक. पाणी, सामान, माणसं धरून वजन पाच टनांच्या वर जातं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) १९५ फॅरनहाइटचा (९० सेल्सिअस), कूलंट निम्मं पाणी निम्मं अँटिफ्रीझ, रेडिएटरच्या झाकणावर ९ पाउंड (म्हणजे ते धरतं तो दाब) छापलंय. रेडिएटर बहुधा मूळचाच आहे. मागच्या वर्षी मी पाण्याच्या तापमानाचे आकडे (फॅरनहाइटमध्ये) दाखवणारा मेकॅनिकल गेज बसवला.

मागच्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोहून आय-१५ महामार्गाने लास व्हेगसकडे निघालो. सपाटीला काटा २०५ वर स्थिर. वाटेत बेकर गावाला थांबलो तेव्हा तिथल्या त्या १३४ फुटी थर्मामीटरवर १११ होते, म्हणजे आपले ४४. बेकर आहे साधारण ९३० फुटांवर, आणि तिथून हॅलोरान समिटपर्यंत रस्ता तीन हजार फूट चढतो. चढ सुरू होतानाच एसी बंद ठेवायच्या पाट्या आहेत. मी ठेवला होता. तरी तिसऱ्या-चौथ्या मैलाला काटा २१५, मग २२०. तेवढ्यात पुढून पंख्याचा घोंघावणारा आवाज सुरू झाला, विमान धावपट्टीवर वेग घेतं तसा. काटा २२२ वर टेकला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. उताराला पाच मिनिटांत २०० वर आला.

पण माथ्यापलीकडे कडेला थांबून इंजिन बंद केलं, आणि काटा उतरायचा सोडून २३० वर गेला. या गाडीत इंजिनाचं झाकण आतच, पुढच्या दोन सीटच्या मागे जमिनीत असतं. त्यावरच्या गालिच्यावर अनवाणी पाय ठेवला तर ठेववत नव्हता. कूलंटचा तो गोडसर वास अगदी हलका येत होता. खाली मात्र एक थेंब सांडलेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळीही जिथल्या तिथे.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं की थर्मोस्टॅट काढूनच टाका. दुसरा म्हणतो १६० चा घाला. मला दोन्ही पटत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाला किमान किती गरम ठेवायचं ते ठरवतो. तो पूर्ण उघडल्यावर पुढचं सगळं रेडिएटर आणि पंख्याच्या हातात असतं, मग १६० चा घालून माथ्यावरचा आकडा कसा उतरेल?

विचारण्याचं खरं कारण वेगळं आहे. आई जुलैत साताऱ्याहून येतेय, वय ७४. तिला ग्रँड कॅन्यन दाखवायचं आहे. लहानपणी खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि लोट्याने पाणी ओतणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. तिला घेऊन मोहावी वाळवंटाच्या उन्हात तशी वेळ मला येऊ द्यायची नाही. २२२ हे या इंजिनाला चालण्यासारखं आहे, की काहीतरी बिघडत चाललंय?

प्रतिसाद

दादा, आधी जीव शांत करा. माझ्याकडे फिनिक्सला याच इंजिनाची १९७४ ची आहे, नऊ उन्हाळे झाले.

१९५ चा थर्मोस्टॅट १९५ ला उघडायला लागतो आणि पूर्ण उघडेपर्यंत २१० ते २१५ होतात. म्हणजे सपाटीचे तुमचे २०५ अगदी ठीक. निम्मं-निम्मं कूलंट उघड्या भांड्यात साधारण २२३ ला उकळतं, आणि झाकणाच्या दर पाउंडामागे उकळबिंदू तीनेक अंशांनी वर जातो. ९ पाउंडांवर तो २५० च्या आसपास आला. डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून चार-सहा अंश वजा करा. तरी २२२ आणि उकळी यात बरंच अंतर उरतं. पण हे सगळं झाकण दाब धरत असेल तरच. रबर कडक झालेलं असेल तर नवं घ्या, स्वस्तातलं काम आहे.

इंजिन बंद केल्यावर काटा चढणं साहजिक आहे. पाणी फिरायचं थांबतं आणि ओतीव लोखंडातली उष्णता जागच्या पाण्यात उतरते. पुढच्या वेळी माथ्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बंद करा.

मला खटकतंय ते एकच. पंखा २२० ला लागला, तो जरा उशिरा वाटतो. फॅन क्लचच्या (गरम झाल्यावर पंखा जोरात फिरवणारा भाग) पुढच्या बाजूला तेलकट चिकट रेघा दिसतात का ते बघा. आणि इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर गाडी गरम असताना, इंजिन बंद करून, रेडिएटर वीत-वीत मोजत जा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. चढाला गाडी कण्हायच्या आत हाताने दुसऱ्या गिअरमध्ये आणा. फेरे वाढले की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. थर्मोस्टॅट मुळीच काढू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. काल संध्याकाळी मोजलं. वरची नळी जिथे रेडिएटरला लागते तिथे २०१, बहुतेक भाग १८० च्या आसपास, पण ड्रायव्हरच्या बाजूला खालचा वीतभर पट्टा १३८. तीनदा मोजलं, तीनदा तेच. फॅन क्लचवरही काळपट ओघळ आहे, फोटो टाकतोय. झाकण आणि क्लच मागवले. रेडिएटर शनिवारी उतरवतोय, आतून साफ करून घ्यायला.

एकच विचारायचं राहिलं: पन्नास वर्षं जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर साफ करून पुढची काही वर्षं चालतो का, की जुना सांगाडा ठेवून आतला गाभाच नवा घालून घ्यावा? आई ९ जुलैला उतरते.